भोंग्यावर पारखलेला ॲम्प्लिफायर

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. गोंदियाच्या त्या राइस मिलच्या गोदामात मी उंदरांसाठी जे यंत्र बसवलं होतं, ते एक दिवसही वाजलं नाही. दोष यंत्राचा नव्हता. त्याला जोडलेला ॲम्प्लिफायर चुकीचा होता. तो माझ्या शब्दावर घेतला गेला, आणि तो चुकीचा आहे हे मला घेतानाच ठाऊक होतं.

एवढं लिहून मी उठलो, पाणी प्यायलो आणि परत येऊन बसलो. कबुली दिली की छातीवरचं ओझं उतरतं म्हणतात. माझं काही उतरलं नाही. वरची वाक्यं व्याकरणात बसली की नाही हे मात्र दोनदा पाहून घेतलं. मास्तरकीत आयुष्य गेलं की असं होतं.

लढाई संपली होती आणि स्वराज्य यायचं होतं, त्या मधल्या दिवसांतली ही गोष्ट. मी नागपूरहून बी.एस्सी. होऊन गोंदियाच्या एका शाळेत सायन्स शिकवत होतो आणि संध्याकाळी लोकांचे रेडिओ दुरुस्त करत होतो. ती नोकरी मला मिळाली मामांमुळे. मामा म्हणजे माझ्या आईचे भाऊ नव्हेत. आमच्या गावात वडीलधाऱ्या माणसाशी दुसरं कोणतं नातं निघालं नाही तर तो मामा होतो. ते गोंदियात एका राइस मिलवर मुनीम होते. मिलचे शेटजी शाळेच्या कमिटीवर होते, आणि मामांनी त्यांच्या कानावर घातलं होतं की आमच्या गावचा पोट्टा लय शिकून आला आहे, कुठं तरी लावून द्या. शेटजींनी लावून दिलं.

दिवस कंट्रोलचे होते. कोणत्या मिलमध्ये किती धान आलं, किती तांदूळ निघाला, किती गोदामात पडून आहे, याचा हिशेब सरकारला द्यावा लागे, आणि तांदूळ कमी भरला की पहिला संशय काळ्या बाजाराचा. शेटजींच्या गोदामात तांदूळ दरवर्षी कमी भरत होता. मामा म्हणत, उंदीर आहेत. उंदीर होतेच, ते कोणीही पाहावे. पण शेटजी जीवदया पाळणारे. विष घालायचं नाही, मांजर ठेवायचं नाही. पिंजऱ्यात सापडलेले उंदीर एक हमाल पोत्यात घालून पांगोली नदीच्या पलीकडे सोडून येई, आणि मिलमध्ये सगळे म्हणत की हमाल यायच्या आत उंदीर परत आलेले असतात.

शेटजींचा उंदरांवर राग नव्हता. मुनिमावर थोडा होता.

"मुनीमजी," ते म्हणत, "चूहा कितना खाएगा? उसका पेट देखा है?"

मामा या बोलण्यानं आतून जळत. माणूस स्वच्छ होता. मिलमधली सुतळीसुद्धा घरी न नेणारा. पण स्वच्छ असणं आणि तसं सिद्ध करता येणं यांत किती अंतर असतं, हे मला पुढे कळलं. त्यांना ते आधीच कळलेलं होतं.

आता माझी बढाई. शाळेत ध्वनीचा धडा शिकवताना मी पोरांना सांगितलं होतं की माणसाला ऐकू येत नाही इतका उंच आवाज असतो. कुत्र्याला येतो, वटवाघळाला येतो, उंदरालाही येतो, आणि तो जोरात झाला तर त्याला तिथं बसवत नाही. हे मी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. पोरांकडून ते मामांपर्यंत गेलं. एका रविवारी ते माझ्या खोलीवर आले आणि खाटेवर न बसता उभ्यानंच विचारलं, "बापू, हे खरं आहे का?"

"काय?"

"मुका आवाज. उंदीर पळवते म्हंते."

मी म्हणालो, शास्त्रात तसं आहे. खरं तर मी म्हणायला हवं होतं की मी वाचलं आहे, पाहिलेलं नाही. पण खोलीत शास्त्र जाणणारा मी एकटा होतो, आणि अशा वेळी माणूस शास्त्राच्या वतीनं बोलायला लागतो.

"माणसाले काही होत नाही?"

"माणसाला कळतही नाही."

"मंग मरत नाही ना उंदीर? शेटजी ते पहिले विचारतीन."

"मरत नाही. निघून जातो."

मामांनी तेवढ्यावर शेटजींसमोर जाऊन जे केलं ते मी तिथं असतो तर करू दिलं नसतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. त्यांनी गादीसमोर उभं राहून, आडत्यांच्या देखत म्हटलं, "शेटजी, मास्तर मशीन बसवून देते. उंदीर जातीन. उंदीर गेल्यावर बी दिवाळीले तांदूळ कमी भरला, तर मी चोर."

म्हणजे माझं यंत्र उंदरांसाठी होतं हे खरं, पण लावलं जात होतं मामांच्या नावाला. हे मला त्याच संध्याकाळी कळलं. मामांनीच येऊन सांगितलं, आणि फार हलकं झाल्यासारखे हसले.

यंत्र म्हणजे मुख्य वस्तू एक निकेलची नळी. आजच्या पुस्तकांत अशा वस्तूला ट्रान्सड्यूसर म्हणतात. आम्ही नळीच म्हणायचो. तिच्याभोवती तार गुंडाळलेली असते. तारेतून विजेचा झपाट्यानं बदलणारा प्रवाह सोडला की निकेल त्या तालावर किंचित आखडतं आणि सैल होतं, आणि नळीच्या तोंडावरची चकती हवेला धक्के देते. धक्के पुरेसे जलद असले की तो आवाज आपल्या कानाच्या वर जातो. ती नळी मला लष्करी सामानाच्या लिलावात मिळाली. जहाजाखाली पाणी किती खोल आहे हे मोजण्यासाठी ती बनवलेली होती. गोंदियात ती काय करत होती कोणास ठाऊक. इथून समुद्र पाहिलेला माणूसही त्या काळी मोजकाच असे.

ताल ठरवणारं लहान यंत्र मी स्वतः बांधलं. पण त्याच्यातून निघणारी वीज इतकी अशक्त की तिनं नळी हलत नाही. मधे ॲम्प्लिफायर लागतो, म्हणजे तोच ताल जसाच्या तसा ठेवून त्याला जोर देणारी पेटी. सगळा खेळ या पेटीत होता. ती निवडताना जोर किती हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, तो जोर किती उंच तालापर्यंत टिकतो. आणि तिसरी गोष्ट, पेटी आणि नळी एकमेकींना मानवल्या पाहिजेत. बंडीला एक उंच बैल आणि एक ठेंगणा बैल जुंपला तर दोघांची ताकद जुवातच जाते, चाक हलत नाही, तसंच हे.

दोन पेट्या हाताशी आल्या. एक त्याच लिलावातली, खाकी रंगाची, कोपरे ठेचलेली, जोर बेताचा. पण तिच्यात ताल कितीही उंच नेला तरी तो टिकत होता. शाळेच्या प्रयोगशाळेत मी ती नळीला जोडून पाहिली होती. चकतीवर कोंड्याची बारीक धूळ टाकली, तर धूळ सरकत सरकत कडेला जाऊन गोल बसली, आणि पाण्याचा थेंब टाकला तर त्याच्या अंगावर काटा आल्यासारखा झाला. खोलीत आवाज काही नव्हता. व्हरांड्यातला कुत्रा मात्र उठून शाळेबाहेर गेला. मला इतका आनंद झाला की मी तो कोणाला दाखवलाही नाही.

दुसरी पेटी एका फिरत्या टॉकीजवाल्याची. मोठी, काळी, चकचकीत, पुढे लाल दिवा. तिचा जोर खाकी पेटीच्या कितीतरी पट, आणि वीज नसेल तिथं मोटारीच्या बॅटरीवरही चालायची. पण ती गाण्यासाठी बनवलेली. कानाला ऐकू येतं त्याच्या थोडं अलीकडेच तिचा जोर ढासळायला लागे, आणि नळीला लागणाऱ्या तालापर्यंत काहीच उरत नसे. बनवणाऱ्याची चूक नव्हती. जे कोणी ऐकणार नाही ते वाढवून देण्याचा खर्च कोण करील?

एवढं स्पष्ट असताना निवड अवघड नव्हती. निवड मला एकट्याला करायची असती तर.

शेटजींचा रिवाज होता की कोणतीही मोठी वस्तू चार माणसांसमोर पारखल्याशिवाय घ्यायची नाही. आमच्याकडे बैलजोडी घेताना असंच करतात. चार माणसं उभी राहतात, बैल चालवून पाहतात, दात पाहतात, प्रत्येक जण एकेक खोड काढतो आणि मग व्यवहार ठरतो. ॲम्प्लिफायरचे दात पाहता येत नाहीत, पण तो बोलतो कसा हे ऐकता येतं. म्हणून धान वाळवायच्या पटांगणात दोन्ही पेट्या मांडल्या. टॉकीजवाल्यानं आपला भोंगा आणि ग्रामोफोन आणला. शेजारचे गिरणीवाले आले, आडते आले, भजनी मंडळाचे बुवा आले. उंदरांना ऐकवायच्या, माणसाला ऐकूच न येणाऱ्या आवाजाची पेटी पारखायला गोंदियातले चांगले कान एकत्र जमले.

खाकी पेटी आधी लावली. भोंग्यातून गाण्याच्या आधी सुईची खरखर आली, कारण तिच्यात सगळंच वर येत होतं, रेकॉर्डवरचा चराही.

बुवा म्हणाले, "हा तर दात खाऊन राहिला."

"मिलिटरी का माल है," टॉकीजवाला म्हणाला, "गुस्सा तो रहेगा."

मग काळी पेटी लावली. खरखर गेली. गाणं असं बाहेर आलं की पलीकडच्या रस्त्यावरचे टांगे थांबले. खरखर गेली म्हणजे वरचं सगळं गाळलं गेलं, आणि मला पाहिजे होतं ते त्या वरच्याच्याही वर होतं. पण तो गोडवा मीही ऐकत होतो.

"हा कसा," बुवा म्हणाले, "जेवून खाऊन बोलल्यासारखा बोलते."

एका गिरणीवाल्यानं खाकी पेटी हातानं ढकलून पाहिली आणि म्हणाला, "हिच्यात वजनच नाही." वजनावर खरेदी करणारा माणूस.

शेटजी माझ्याकडे वळले. "मास्टरजी, आप क्या बोलते?"

मी काही बोलायच्या आत मामा म्हणाले, "हो बापू, तूच सांग. आमाले ऐकू येते तेवढंच समजते. तो दुसरा आवाज तुलेच समजते."

आता इथं मला माझी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी नुसता भिडस्त होतो असं वाचणाऱ्याला वाटेल, आणि ते मला सोयीचं आहे. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक होतं. आमच्या गावच्या नाटकात मी राजपुत्र होत असे. रूप बरं होतं, पाठांतर चोख होतं. आवाज नव्हता. पुढच्या चार रांगांच्या पलीकडे माझं बोलणं जात नसे. आदल्या वर्षी माझ्या सगळ्यात मोठ्या भाषणाला मागून कोणीतरी ओरडलं होतं, "राजपुत्राले पेज पाजा रे, आवाज निघून नाही राहिला." सगळी मंडई हसली. त्यात जिला मी पाहायला गेलो होतो तीही हसली, आणि पुढे तिचं लग्न दुसरीकडे ठरलं. हसण्यामुळे ठरलं असं मी म्हणत नाही.

काळी पेटी बॅटरीवर चालत होती. आमच्या गावात वीज नव्हती, आणि मंडईला मागितली तर शेटजी ती नाही म्हणणार नव्हते.

मी म्हणालो, "जोर मोठ्या पेटीत जास्त आहे."

यात खोटं काही नाही. जोर जास्तच होता. तो कुठवर, हे कोणी विचारलं नाही. शेटजींनी नारळ फोडायला सांगितला.

पावसाळ्याआधी यंत्र गोदामात बसलं. लाल दिवा पेटला, हमालांनी नमस्कार केला. शेटजींनी कानामागे हात धरून ऐकून पाहिलं आणि समाधानानं म्हणाले, "कुछ नहीं सुनाई देता." यंत्र चालत असल्याचा त्यांना तोच पुरावा होता.

मला वाटत होतं की थोडं तरी काही जात असेल. एका एकादशीला मिल बंद होती. दुपारी मी गोदामात जाऊन चकतीवर कोंडा टाकला. कोंडा जिथं पडला तिथंच राहिला. दारात मिलची कुत्री झोपली होती. तिनं एक डोळा उघडून मला पाहिलं आणि मिटला. मी बराच वेळ तिथं उभा होतो. मग चकती फुंकून साफ केली.

खाकी पेटी तोवर कोणी विकत घेतली नव्हती. परत मागवता आली असती. पण मग काळी पेटी टॉकीजवाल्याकडे जाणार, आणि मंडईला मिळायची नाही. मी हिशेब केला की मंडई होऊ द्यावी, मग काहीतरी बिघाड सांगून पेटी बदलावी. दिवाळीची मोजदाद मंडईच्या आधी येते हे मला माहीत नव्हतं असं नाही. यंदा तांदूळ फारसा कमी भरणार नाही असं मी धरून चाललो होतो. कशाच्या जोरावर, ते आठवत नाही.

पावसाळ्यात हमालांनी तक्रार आणली की उंदीर दिसतात. शेटजींनी मला बोलावलं. मामाही होते.

मी म्हणालो, "शेटजी, म्हातारपणी उंच आवाज ऐकू येईनासा होतो. माणसातही तसंच असतं."

हेही शास्त्रशुद्ध आहे. शेटजींनी मान हलवली. "अच्छा. तो ये सब बुजुर्ग हैं."

आणि त्यांनी गोदामाच्या कोपऱ्यात बुजुर्गांसाठी रोज वाटीभर कणी ठेवायला सांगितली. चार म्हातारे उंदीर, त्यांना कणी घरपोच. म्हणजे आता तांदूळ कमी भरला तर तो उंदरांच्या माथी मारायची सोय राहिली नाही. मामांच्या बाजूचा जो एकमेव साक्षीदार होता, तो उंदीर, त्याला मी माझ्या एका वाक्यानं म्हातारा आणि बहिरा करून टाकला. तेव्हा मामा हसत होते. मला म्हणाले, "बापू, शिकल्याचं सोनं झालं तुह्या."

दिवाळीला मोजदाद झाली. तांदूळ कमी भरला. दरवर्षीइतकाच.

गादीवर पूजेची तयारी होती, झेंडूच्या माळा, नवीन वह्या. शेटजींनी मला खोलीवरून बोलावून घेतलं. मी पोचलो तेव्हा मामा भिंतीला टेकून उभे होते आणि मी दिसताच त्यांचा चेहरा सुटल्यासारखा झाला. वैद्य आल्यावर घरच्यांचा होतो तसा.

"मास्टरजी," शेटजी म्हणाले, "मशीन बराबर चालू थी ना?"

मामा माझ्याकडे पाहत होते. त्यांना काय हवं होतं ते मला माहीत होतं. मी एवढंच म्हणायचं होतं, की नाही शेटजी, चालू नव्हती, उंदीर जिथल्या तिथं आहेत. माझी नोकरी गेली असती का? कदाचित. हसं झालं असतं हे नक्की. आणि पेटी गेली असती. मंडई चार दिवसांवर होती.

मी म्हणालो, "लाल दिवा एक दिवस विझला नाही, शेटजी."

मामांनी हे ऐकलं. मग त्यांनी करगोट्याला बांधलेल्या चाव्या सोडल्या. गाठ लवकर सुटेना, तरी कोणी पुढे झालं नाही. चाव्या गादीच्या कडेला ठेवून ते म्हणाले, "मीच म्हटलो होतो, शेटजी. म्हटलो ते म्हटलो."

शेटजींनी त्यांना पोलिसात दिलं नाही. मुंगीवर पाय न देणारा माणूस. त्यांनी फक्त आलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगितली, म्हणजे पुन्हा कोणत्याही मिलवर मामांना कोणी उभं करू नये.

मंडईला पेटी मिळाली. शेटजी स्वतः म्हणाले, "ले जाओ. दो-चार दिन चूहे भी आराम कर लेंगे." भोंगा बांधला, बॅटरी जोडली, आणि मी राजपुत्र झालो. पहिल्याच वाक्याला मागची रांग गप्प झाली. तळ्याच्या पलीकडे बसलेल्या बायकांपर्यंत माझं बोलणं पोचत होतं. लोकांनी टाळ्या दिल्या, मोठ्या भाषणाला वन्समोअर आला. मी ते भाषण पुन्हा म्हटलं. मला फार आनंद झाला हे इथं लिहायला हवं. चार दिवसांपूर्वी जे झालं होतं त्यानं तो कमी झाला नाही. तसा तो झाला असता तर आज हे लिहिणं सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा तळ्यावर बैल धुताना दिसले. मला टाळता आलं असतं, पण त्यांनीच हाक मारली.

"बापू, काल तुहा आवाज घरापर्यंत आला."

"तुम्ही आला नाहीत, मामा."

"कायले येऊ? तोंड तं पाहिजे." ते बैलाची पाठ चोळत राहिले. मग म्हणाले, "एक गोष्ट चांगली झाली पण. तुह्या मशीननं माह्या डोळ्यावरचं झापड काढलं."

"कोणतं?"

"इतके वर्षं मी उंदीर उंदीर करून राहिलो. उंदीर नव्हते ते. चोर होता, अन् मी त्याले झाकून राहिलो. चावी माह्या कमरेले राहे. अन् मी जेवाले, आंघोळीले गेलो का कोणाच्या हाती राहे?"

त्यांचा धाकटा भाऊ त्याच मिलवर मापारी होता. तांदूळ मोजून पोत्यात भरायचं काम. मामांनीच लावलं होतं. दोघांचं शेत एक, खळं एक, चूल तेवढी नुकतीच वेगळी झाली होती, तीही बायकांच्या सोयीसाठी.

"मामा," मी म्हणालो, "एवढ्यात काही ठरवू नका."

"मी काऊन ठरवू? तुह्या मशीननं ठरवलं."

त्यांनी बैल पाण्याबाहेर काढला. मी काठावर उभा होतो. तिथं आम्ही दोघंच होतो, शेटजी नव्हते, मंडई झाली होती, पेटी परत जाणार होती. गप्प राहण्यात माझा काही फायदा उरलेला नव्हता. तरी मी गप्प राहिलो. या गोष्टीत मला स्वतःचं सगळ्यात कमी कळलेलं असं काही असेल तर ते हेच. गोदामातल्या, पटांगणातल्या आणि गादीवरच्या मौनाला कारण आहे. तळ्यावरच्या मौनाला कारण सापडत नाही.

त्या आठवड्यात त्यांनी भावाला घरी जाऊन विचारलं. भाऊ उखडला. म्हणाला, चाव्या तुझ्या कमरेला आणि चोर मी? शब्द वाढला. त्यांची आई मधे पडली तर दोघांनी तिलाही बोलून घेतलं. धान कापणी झाली तेव्हा खळी दोन झाली होती.

यंत्राचं पुढे असं झालं. मामांच्या जागी आलेल्या मुनिमाच्या वर्षीही तांदूळ तितकाच कमी भरला, आणि त्याच्यानंतरच्याही. शेटजींनी त्यावरून निष्कर्ष काढला तो उंदरांबद्दल नव्हे, एकूण मुनीम या प्राण्याबद्दल. काळी पेटी नंतर लग्नात भाड्यानं देणाऱ्या एका माणसानं घेतली. तिच्या गोडव्याची तारीफ लोक कितीतरी वर्षं करत. नळी माझ्याकडे परत आली. मी ती शाळेला दिली.

शाळेत मी अजून ध्वनीचा धडा शिकवतो. दरवर्षी एखादा पोरगा विचारतो, "गुरुजी, ऐकूच येत नाही तर तो आवाज आहे हे कशावरून?" मी सांगतो, कोंडा टाकून पाहायचा. बरोबर उत्तर आहे. परीक्षेत पूर्ण मार्क मिळतात.

मामा आहेत. त्यांचा भाऊही आहे. दोघं म्हातारे झाले. आमच्याकडच्या प्रतापगडला महादेवाची यात्रा भरते, तिला एकाच गावातून दोन बंड्या जातात, एक पहाटे आणि एक ऊन वर आल्यावर, म्हणजे वाटेत गाठ पडू नये. मी गावी गेलो की मामा मला बसवून घेतात, चहा करायला सांगतात आणि नातवंडांना सांगतात की हे गुरुजी फार मोठे, यांनी आमच्या मिलवर अशी मशीन बसवली होती की चोर आपोआप उघडा पडला. मी चहा पितो.

हल्ली त्यांना ऐकू फार कमी येतं. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं, आणि ओरडलं की भिंतीपलीकडे भावाच्या ओसरीत शब्दन् शब्द जातो. मागच्या खेपेला मी ठरवून गेलो होतो. पण त्यांच्या तब्येतीची चौकशीच तीनदा ओरडून करावी लागली, आणि मग माझा आवाज बसला. माझा आवाज मुळात लहान आहे हे वर आलंच आहे. हे कागदावर लिहायचं ठरवलं त्याचं एक कारण हेच, की इथं ओरडावं लागत नाही. पण छापून आलं म्हणून ते मामांना सांगितल्यासारखं होत नाही. गावात हे कोणी वाचणार नाही, हे मला लिहायला बसण्याआधीच माहीत होतं.

मी देणं लागतो ते असं. मामांना आणि त्यांच्या भावाला एका ठिकाणी बसवून, दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचं की ते यंत्र चालत नव्हतं, हे मला ठाऊक होतं, आणि तांदूळ उंदरांनी खाल्ला. ते मी अजून सांगितलेलं नाही.